‘ढ’ म्हणू नका, मदत करा!

बालमित्रांनो, नेवासं म्हटलं की काय आठवतं? प्रवरेकाठचा पैस खांब! त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. यात कमीपणा कसला?

आता आपल्या वर्गात पाहा. एखादा मुलगा तोंडी उत्तरं फटाफट देतो, पण वाचताना अडखळतो, अक्षरं उलटसुलट लिहितो. एखादीला एका जागी बसवतच नाही. आपण लगेच ‘ढ’, ‘वांड’ म्हणून मोकळे! पण ती मुलं आळशी नसतात बरं का. त्यांना अध्ययन अक्षमता किंवा अतिचंचलता असू शकते. ते तपासणीतूनच कळतं, चिडवून नाही.

मग तपासणी कुठे? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरी पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा येतं. गरज वाटली तर पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याला पाठवतं. सारं मोफत.

पालकहो, पथकाची वाट पाहत बसू नका. शंका येताच ग्रामीण रुग्णालयात विचारा. लहानगं हाकेला ओ देत नसेल, बोलत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. आधी त्याचे कान तपासून घ्या.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असलं, की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, नियमानुसार लेखनिकही मिळतो. म्हणजे आपले सच्चिदानंदबाबाच की!

तुम्हालाच वाचताना त्रास होतो का? मग लाजू नका. आजच बाईंना सांगा, आणि हे पान आईबाबांना दाखवा.