दयाही नको, विस्मयही नको

आपल्या चित्रपटांत व वृत्तपत्रांत अपंग व्यक्ती बहुधा दोनच रूपांत भेटते. एकतर ती दयेस पात्र, असहाय असते. नाहीतर संकटांवर मात करणारी अलौकिक वीर असते. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २.६८ कोटी नोंदली गेली. यांतील असंख्य जण नोकरी-व्यवसाय करतात, संसार चालवतात. त्यांचे साधे जीवन मात्र पडद्यावर क्वचितच दिसते.

सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांचेच उदाहरण पाहा. १९६५ च्या युद्धात ते जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये जलतरणात त्यांनी देशाला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री लाभली २०१८ मध्ये आणि त्यांच्यावरील चित्रपट आला २०२४ मध्ये. सुवर्णपदक जिंकणाऱ्याची ही कथा, तर सामान्य अपंग कारकुनाची वा दुकानदाराची दखल कोण घेणार?

८ जुलै २०२४ रोजी 'आंख मिचोली' या चित्रपटाविषयीच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा सखोल विचार केला. अपंगत्वाची टिंगल करू नये, तसेच अपंग व्यक्तीला अद्भुत शक्तीचा पुतळाही बनवू नये, असे न्यायालयाने सांगितले. असामान्य कर्तृत्व दाखवले तरच सन्मान मिळेल, असा अर्थ त्यातून निघतो. चित्रण करताना अपंग व्यक्तींचे म्हणणे विचारात घ्यावे, असेही न्यायालयाने सुचवले.

पडद्यावरील प्रतिमा व्यवहारातही उतरते. बँकेच्या सेवेत असताना अनेकदा पाहिले, की अंध खातेदार समोर उभा असूनही प्रश्न विचारला जाई तो त्याच्या सोबत्याला. अंध ग्राहकास धनादेश-पुस्तिका, एटीएम, लॉकर आदी सुविधा नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेला २००८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना बजवावे लागले. ज्याला आपण केवळ 'बिचारा' समजतो, त्याच्या स्वाक्षरीवर आपला विश्वास बसत नाही.

आपल्या समाजाच्या संस्था कृत्रिम पाय, तीनचाकी, श्रवणयंत्रे यांची शिबिरे श्रद्धेने भरवतात. हे कार्य निःसंशय पुण्याचे आहे. परंतु त्यांची छायाचित्रे जरा निरखून पाहावीत. दात्यांची नावे क्रमाने छापलेली असतात. साहित्य स्वीकारणारा मात्र केवळ 'लाभार्थी' असतो. छायाचित्र त्याच्या संमतीनेच घ्यावे. तो तयार असेल तर त्याचे नाव, त्याचा व्यवसाय आणि त्याचे मनोगतही छापावे.

आपण व्यापारी माणसे आहोत. दुकानाच्या पायऱ्यांलगत एक उतार बांधला, हिशेबाच्या कामावर एका पात्र अपंग तरुणाची नेमणूक पूर्ण वेतनावर केली, तर त्याची बातमी कदाचित होणार नाही. तशी ती होऊही नये. ज्या दिवशी अशी नेमणूक कोणालाच नवलाची वाटणार नाही, त्या दिवशी माध्यमांतील चित्रही आपोआप बदललेले असेल.