विश्लेषण : जपानमध्ये १८ वर्षे, कोरियात १३ महिने… ‘सेवोल’ फेरीबोट का बुडाली?

दक्षिण कोरियात दरवर्षी १६ एप्रिल हा राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. २०१४ मध्ये याच दिवशी ‘सेवोल’ ही प्रवासी आणि वाहने नेणारी फेरीबोट जिंदो बेटाजवळ बुडाली. ३०४ जणांचा मृत्यू झाला, त्यांपैकी २५० जण एकाच शाळेचे विद्यार्थी होते. प्रवाशांना सोडून कॅप्टन आधी बाहेर पडला, हे जगाच्या लक्षात राहिले. पण हेच जहाज त्याआधी तब्बल १८ वर्षे जपानमध्ये चालले होते. मग कोरियात ते जेमतेम १३ महिने का टिकले? त्याचे उत्तर या जहाजाच्या दोन देशांतील कारकीर्दीत दडले आहे.

‘सेवोल’ मूळची कुठली?

हे जहाज १९९४ मध्ये जपानच्या नागासाकी येथील हायाशिकाने गोदीत बांधले गेले. तेव्हा त्याचे नाव होते ‘फेरी नामिनोउए’. सुमारे १४५ मीटर लांब आणि २२ मीटर रुंद असलेली ही बोट कागोशिमा ते ओकिनावा या मार्गावर धावत असे. ती ‘रो-रो’ प्रकारची होती, म्हणजे ट्रक, कंटेनर आणि मोटारी रॅम्पवरून थेट पोटात शिरत आणि वरच्या डेकवर प्रवासी राहत. २०१२ मध्ये त्याच नावाचे नवे जहाज आले आणि जुने विक्रीला निघाले. जपानमध्ये निवृत्त झालेल्या अशा फेरीबोटी आशियातील अनेक देशांत वर्षानुवर्षे वापरात आहेत. त्यामुळे जुने जहाज घेणे, हीच काही घोडचूक नव्हती.

कोरियात तिला परवानगी कशी मिळाली?

कोरियात पूर्वी प्रवासी जहाजाच्या वयाची मर्यादा २० वर्षे होती आणि मुदतवाढ घेऊन ती २५ पर्यंत नेता येई. २००९ मध्ये उद्योगांवरील निर्बंध कमी करण्याच्या धोरणात ही मर्यादा ३० वर्षांवर नेण्यात आली. त्यामुळे १८ वर्षांच्या जहाजालाही आणखी १२ वर्षे कमाईची संधी मिळाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये चोंगहेजिन मरीन या कंपनीने ते विकत घेतले, त्यात फेरबदल केले आणि मार्च २०१३ पासून ‘सेवोल’ या नावाने इंचॉन ते जेजू बेट या मार्गावर उतरवले. हा रात्रभराचा प्रवास. जेजूला पर्यटक जात आणि बेटावर लागणारा मालही याच बोटीतून जाई. कंपनीला दोन्हीकडून उत्पन्न होते.

फेरबदल नेमके कोणते झाले?

वरच्या डेकवर प्रवाशांसाठी जादा केबिन बांधण्यात आल्या. प्रवासी क्षमता ८०४ वरून ९२१ झाली. पुढच्या उजव्या बाजूचा अवजड रॅम्पही काढून टाकण्यात आला. परिणामी वजन वरच्या बाजूला वाढले आणि डाव्या-उजव्या बाजूंचा तोल बदलला. जहाजाचा गुरुत्वमध्य सुमारे ५१ सेंटिमीटरने वर सरकला. गुरुत्वमध्य खाली असलेले जहाज कलले, तरी पाणी त्याला पुन्हा सरळ करते. तो जितका वर जातो, तितकी ही सरळ होण्याची ताकद घटते. आतमध्ये रिकाम्या असलेल्या एसटीच्या टपावर पोती रचली, तर वळणावर गाडीचे काय होईल, याची कल्पना करावी.

मग तपासणी यंत्रणेने जहाजाला नकार का दिला नाही?

कोरियन रजिस्टर ऑफ शिपिंग या वर्गीकरण संस्थेने बदलांना मंजुरी दिली, पण अटी घालून. मालाची कमाल मर्यादा २,४३७ टनांवरून ९८७ टनांवर आणली. तळाच्या टाक्यांत भरायचे बॅलास्ट पाणी मात्र ३७० टनांवरून किमान १,७०३ टनांवर नेले. वर वाढलेल्या वजनाला तळाशी पाण्याचा भार हवा, एवढाच याचा अर्थ. कागदावर जहाज सुरक्षित होते. मात्र ही अट पाळली, तर मालवाहतुकीचे उत्पन्न निम्म्याहूनही कमी होणार होते.

प्रत्यक्षात किती माल भरला गेला?

शेवटच्या फेरीत जहाजावर सुमारे २,१४२ टन माल होता, मर्यादेच्या दुपटीहून अधिक. बॅलास्ट पाणी होते सुमारे ७६१ टन, म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी. इतका जादा भार बंदरात कुणाच्या नजरेत कसा आला नाही? जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगवलेली असते. ती पाण्याखाली गेली, तर जहाज जादा भरले आहे हे धक्क्यावरूनही कळते. पण ही रेषा एकूण वजन सांगते, ते वजन वर आहे की तळाशी, हे सांगत नाही. नियमानुसार माल आणि पाणी मिळून २,६९० टन व्हायला हवे होते. प्रत्यक्षातली बेरीज होते २,९०३ टन. फरक फारसा नाही. तळाचे पाणी कमी करून त्या जागी वर माल चढवला गेला, म्हणून भाररेषा शंका येण्याजोगी दिसली नाही. त्यातच कंटेनर आणि वाहने नीट बांधलेली नव्हती.

जहाज सोडण्यापूर्वी पाहणी करणे हे ज्यांचे काम, ते निरीक्षक कोरिया शिपिंग असोसिएशनचे होते. ही जहाजमालकांचीच संघटना. ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांच्याच वर्गणीवर ही नजर अवलंबून होती.

१६ एप्रिलला काय घडले?

दाट धुक्यामुळे सुमारे अडीच तास उशिराने, १५ एप्रिलच्या रात्री जहाज इंचॉनहून सुटले. जहाजावर ४७६ जण होते. आनसान शहरातील दानवॉन हायस्कूलचे ३२५ विद्यार्थी सहलीला निघाले होते. सकाळी पावणेनऊच्या सुमारास, जोरदार प्रवाहासाठी ओळखल्या जाणाऱ्या मेंगगोल सामुद्रधुनीच्या परिसरात जहाज उजवीकडे वेगाने वळले आणि डावीकडे कलले. माल घसरला आणि कल वाढत गेला. कॅप्टन त्या वेळी आपल्या केबिनमध्ये होता. ८ वाजून ५२ मिनिटांनी मदतीसाठी पहिला फोन केला तो एका विद्यार्थ्याने.

ध्वनिक्षेपकावरून मात्र ‘जागेवरच थांबा’ अशा सूचना पुन:पुन्हा दिल्या जात होत्या. मुलांनी त्या पाळल्या. साडेनऊनंतर तटरक्षक दलाची पहिली बोट पोहोचली, तेव्हा कॅप्टन आणि इतर खलाशी तिच्यावर चढले. प्रवाशांना बाहेर पडण्याचा आदेश मिळालाच नाही. साडेदहाच्या सुमारास जहाज जवळपास पूर्ण उलटले. १७२ जण वाचले. पाच जणांचे अवशेष कधीच मिळाले नाहीत.

जहाज अचानक का वळले?

यावर दीर्घकाळ वाद राहिला. सरकारी वकिलांनी सुरुवातीला सुकाणू हाताळण्यातील चुकीवर बोट ठेवले, पण न्यायालयाला ती निर्विवाद सिद्ध झाल्याचे वाटले नाही. मार्च २०१७ मध्ये ४० मीटरहून अधिक खोलीवरून सांगाडा वर काढण्यात आला. त्यानंतर चौकशी समितीने २०१८ मध्ये दोन मते मांडली. एका गटाच्या मते सुकाणूच्या यंत्रणेतील झडप अडकली आणि जहाजाची अस्थिरता घातक ठरली. दुसऱ्या गटाने बाहेरील कारणाची शक्यता खुली ठेवली. इंजिनाच्या भागातील जलरोधक दारे आणि मॅनहोल उघडे होते, हेही सांगाड्यात दिसले. ते बंद असते, तर जहाज अधिक काळ तरंगले असते आणि सुटकेला वेळ मिळाला असता.

वळणाचे कारण कोणतेही मानले, तरी एक प्रश्न उरतोच. समुद्रात जहाजाला अचानक वळावे लागणे ही अघटित गोष्ट नाही. सुस्थितीतले जहाज अशा वळणानंतर पुन्हा सरळ होते. ‘सेवोल’मध्ये ती ताकद शिल्लक ठेवलेली नव्हती.

कारवाई आणि बदल काय झाले?

कॅप्टनला हत्येच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला सात वर्षांची शिक्षा झाली. वाहने नेणाऱ्या फेरीबोटींची वयोमर्यादा ३० वरून २५ वर्षांवर आली. निरीक्षणाचे काम मालकांच्या संघटनेकडून काढून सरकारी संस्थेकडे देण्यात आले.

या दुर्घटनेत वयाचा दोष शोधणे सोपे आहे, पण जपानमधील १८ वर्षे त्याच्या विरोधात साक्ष देतात. वयाची सवलत, जादा केबिन आणि सशर्त मंजुरी, यांतली प्रत्येक गोष्ट कायद्याच्या चौकटीत बसवलेली होती. जहाजाची सुरक्षितता शेवटी एकाच अटीवर टेकली होती, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारे स्वतंत्र कुणी नव्हते. गंजलेला सांगाडा आजही मोक्पो बंदरात उभा आहे. त्याच्या वरच्या डेकवर वाढवलेला भाग आहे आणि तळाशी त्या टाक्या, ज्यांत पाणी असायला हवे होते.