शोकाच्या दिवसांत मतांची घोषणा : सम्यक वाचेच्या कसोटीवर

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर आत्मघाती हल्ला झाला. ४० जवान शहीद झाले. त्यांपैकी दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील होते. २६ तारखेला भारताने बालाकोटवर हवाई हल्ला केला. २७ तारखेला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात सापडले आणि १ मार्चला मायदेशी परतले. मधल्या २८ तारखेला, सारा देश जीव मुठीत धरून बसला असताना, पंतप्रधानांनी भाजपच्या देशभरातील कार्यकर्त्यांशी व्हिडिओद्वारे संवाद साधला. कार्यक्रमाचे घोषवाक्य होते, ‘मेरा बूथ सबसे मजबूत’.

या घोषवाक्यात एरवी वावगे काहीच नाही. बूथ बांधणे हे प्रत्येक पक्षाचे काम आहे. चुकली ती वेळ. आणि धम्मात वेळेला फार महत्त्व आहे. अंगुत्तर निकायात चांगल्या वाणीची पाच लक्षणे सांगितली आहेत : ती योग्य वेळी बोललेली असावी, सत्य असावी, मृदू असावी, हितकारक असावी आणि मैत्रीच्या भावनेतून आलेली असावी. या पाचांत वेळ पहिली येते.

हा दोष एकाच पक्षाचा नाही. १९८४ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांचे हत्याकांड झाले. त्या जखमा ओल्या असतानाच, मोठे झाड कोसळले की जमीन हादरतेच, असे राजीव गांधी जाहीर सभेत बोलले. पुढच्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत काँग्रेसला ४०० हून अधिक जागा मिळाल्या. २००८ मध्ये २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. ताज हॉटेलात कमांडोंची कारवाई सुरू असतानाच, २८ तारखेला, दहशतवादाशी लढण्यासाठी भाजपला मत द्या, अशी जाहिरात वर्तमानपत्रांत झळकली. दुसऱ्या दिवशी दिल्ली विधानसभेचे मतदान होते.

मग नियम काय सांगतो? सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत, अशी सूचना निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मध्येच दिली होती. ९ मार्च २०१९ रोजी तिची पुन्हा आठवण करून दिली. पण आदर्श आचारसंहिता निवडणूक जाहीर झाल्यापासूनच लागू होते, आणि त्या वर्षी ती १० मार्चला लागू झाली. म्हणजे २८ फेब्रुवारीचा कार्यक्रम तिच्या कक्षेतच येत नव्हता. ९ एप्रिलला लातूर जिल्ह्यातील औसा येथील सभेत पंतप्रधानांनी नवमतदारांना, तुमचे पहिले मत पुलवामाच्या शहिदांना आणि बालाकोटच्या वीरांना समर्पित होऊ शकते का, असे विचारले. तेव्हा आचारसंहिता लागू होती. तरीही तिचा भंग झाला नाही, असा निर्णय आयोगाने दिला. नियम जिथे थांबतो, तिथे मतदाराचा विवेकच उरतो.

इथे एक घोळ नेहमी घातला जातो. एवढी स्फोटके आली कुठून, जवानांचा ताफा रस्त्याने का नेला, असे विचारणाऱ्याला ‘शोकाचे राजकारण करू नका’ म्हणून गप्प केले जाते. त्याच वेळी शहिदांच्या नावाने मत मागणारा देशभक्त ठरतो. आम्हाला यातला फरक स्पष्ट दिसतो. प्रश्न विचारणारा मृतांसाठी न्याय मागतो. मत मागणारा स्वतःसाठी सत्ता मागतो. दुसरा जवान तसा मरू नये म्हणून विचारलेला प्रश्न हितकारक आहे. तो शोकातही विचारलाच पाहिजे, फक्त मृदू शब्दांत आणि घरच्यांच्या दुःखाचा मान राखून.

अशा घोषणा चालतात, कारण दुःखात आणि भीतीत माणूस आधार शोधतो. त्या क्षणी पुढे केलेला चेहरा त्याला तारणहार वाटू लागतो आणि हिशेब मागायचा राहून जातो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच धोका सांगितला होता : राजकारणातली भक्ती देशाला अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

ही कसोटी आपण आपल्या चळवळीलाही लावली पाहिजे. आपल्या वस्तीत अत्याचार घडतो, माणूस मारला जातो. मग शोकसभेत वेगवेगळ्या गटांचे नेते येतात, बॅनरवर मृताचा फोटो छोटा आणि नेत्याचा मोठा असतो, आणि मृताची आई समोर बसलेली असताना नेत्याच्या नावाचा जयजयकार होतो. दिल्लीतल्या घोषणेवर बोट ठेवायचे असेल, तर हा जयजयकारही थांबला पाहिजे.

युवकांनी तीन गोष्टी कराव्यात. शोकाच्या काळात पक्षाची कोणतीही पोस्ट पुढे पाठवण्याआधी पाहावे, की तिच्यातून पक्षाचे नाव काढले तर मृतांसाठी काही उरते का. आचारसंहितेच्या काळात सैनिकांच्या फोटोचे फलक दिसले, तर आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ ॲपवर फोटोसह तक्रार करावी. आणि आपल्या शोकसभेत त्रिसरण-पंचशील घेऊन मौन पाळावे, कुटुंबाला आधी बोलू द्यावे आणि गुन्हा नोंदला का, मदत मिळाली का, याचा पाठपुरावा कोण करणार ते तिथेच ठरवावे. घोषणा द्यायला पुढे पुष्कळ दिवस आहेत.