लॅब्रॅडॉर आणि घरातले आजी-आजोबा
वर्षाचा लॅब्रॅडॉर वागायला पिल्लूच असतो, पण त्याचे वजन 25 ते 35 किलो भरते. समोर मांजर दिसले की तो सगळ्या ताकदीनिशी झेपावतो. अशा वेळी पट्टा हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीच्या हातात असेल, तर पडून मनगट किंवा खुबा मोडू शकतो.

म्हणून पट्टा मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नका. तो तळहातात धरा, म्हणजे तोल जाताच सोडून देता येतो. कुत्रा शोधून आणता येतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर सावरायला मात्र महिने लागतात. शक्यतो घरातल्या तरुणाने आधी त्याला पळवून, चेंडू खेळवून दमवावे, मग आजोबांनी फिरवावे. दिवसभर घरात कोंडलेला कुत्रा अंगावर उड्या मारणारच, त्यात त्याचा दोष नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना पडून डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी लगेच रुग्णालयात जा. मेंदूतील रक्तस्रावाची लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात.

खेळताना दात किंवा नख लागून ओरखडा उठला, तर तो साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.