ताकात उतरणारं सीझियम

शिरूर-दौंडच्या गावोगावच्या डेअरीवर सकाळ-संध्याकाळ दुधाची परीक्षा होते. थोडंसं दूध यंत्रात जातं, फॅट आणि एसएनएफचे (स्निग्धांश सोडून उरणाऱ्या घन घटकांचे) आकडे उमटतात, त्यावर भाव ठरतो. त्याच दुधात आणखी एक आकडा दडलेला असतो, तो कुठल्याच पावतीवर येत नाही. गाय जर्सी असो की खिलार, तिच्या एक लिटर दुधात दर सेकंदाला चाळीस-पन्नास अणू किरण सोडत बदलत असतात. यामागे कुठलाही अपघात नाही. दुधातल्या पोटॅशियमचा अगदी लहानसा हिस्सा, पोटॅशियम-४०, पृथ्वी घडली तेव्हापासून किरणोत्सारी आहे. बाजरीत आहे, केळ्यात आहे, आणि तुमच्या-माझ्या शरीरात तर दर सेकंदाला असे सुमारे ४,००० अणू बदलतात. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी स्वतःच्या हाताकडे बघत राहिलो होतो.

मग अणुभट्टी फुटल्यावर दुधात नवं काही आलं, हे ओळखायचं कसं?

ते कसं ओळखायचं याकडे येऊच; पण असं अन्न खावं की नाही, हा प्रश्न आपल्याकडे न्यायालयात गेला होता. २६ एप्रिल १९८६ला चेर्नोबिलची भट्टी फुटली. मे महिन्याच्या सुरुवातीच्या पावसाबरोबर सीझियम-१३७ आयर्लंडच्या कुरणांवर उतरलं. सीझियम हे पोटॅशियमच्याच कुळातलं मूलद्रव्य. गवताला आणि गायीला दोघांतला फरक नीट कळत नाही, म्हणून ते थेट दुधात येतं. पुढे युरोपच्या मदतीतून आयरिश लोणी मुंबईला आलं, तेव्हा काही नागरिकांनी त्याच्या वाटपाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तिथे याचिका फेटाळली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. डॉ. शिवराव शांताराम वागळे यांच्या नावाने ते नोंदलेलं आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाने २७ ऑगस्ट १९८७ला ठरवलेल्या मर्यादेच्या आतलं अन्न खाण्यास निर्धोक आहे का, एवढाच प्रश्न न्यायालयाने तीन तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवला. समितीचं उत्तर 'होय' असं आलं आणि १९८८मध्ये प्रकरण मिटलं. वागळे हरले, असं मी म्हणणार नाही. आपल्या ताटातल्या अन्नाचा हा आकडा मागण्याचा हक्क सामान्य माणसाला आहे, हे त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊन दाखवलं.

आणि इथेच रसायनशास्त्राची एक विलक्षण गोष्ट समोर येते. सीझियम पाण्यात विरघळतं, चरबीत नाही. दूध घुसळलं की ते जवळजवळ सगळं ताकाबरोबर जातं. लोण्यात उरतो तो त्यातल्या पाण्यापुरता अंश, मूळ दुधातल्या सीझियमचे जेमतेम काही टक्के. ते लोणी कढवून तूप केलं तर उरतं जवळपास शून्य! खटला लोण्यावर झाला, पण सीझियमचा स्वभाव पाहता जास्त बारकाईने तपासायला हवी ती स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी. तिच्यात पाणी उडून जातं आणि सीझियम मागे राहतं.

हे मोजायला साधा गायगर काउंटर पुरत नाही. तो किरण मोजतो, पण किरण कुणाचा हे सांगत नाही. त्यासाठी लागतो सोडियम आयोडाइडचा स्फटिक, जाड शिशाच्या पेटीत ठेवलेला. गॅमा किरण त्यात शिरला की क्षणभर प्रकाश चमकतो, आणि किरणाची ऊर्जा जितकी जास्त तितकी चमक प्रखर. सीझियम-१३७ची खूण ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर, पोटॅशियम-४०ची १,४६१वर. निसर्गाचा आणि अपघाताचा आकडा एकाच दुधातून असा वेगवेगळा निघतो.

मार्च २०११च्या फुकुशिमा अपघातानंतर असे स्फटिक जपानी नागरिकांनी स्वतः मिळवले. इवाकी शहरात आयांनी पुढाकार घेऊन त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये 'ताराचिने' ही प्रयोगशाळा सुरू केली. लोक परसातली भाजी, तांदूळ, अंगणातली माती घेऊन येऊ लागले. पुढे अशा अनेक प्रयोगशाळांनी मिळून १७ प्रांतांतल्या सुमारे ३,४०० ठिकाणची माती तपासली, वरची फक्त पाच सेंटिमीटर. कारण चिकणमातीचे कण सीझियमला असं धरून ठेवतात की वर्षानुवर्षं ते फारसं खाली झिरपत नाही. आपल्याकडे भीमेकाठच्या काळ्या रानातही चिकणमाती भरपूर आहे. शिवाय आपला बसाल्ट खडक ग्रॅनाइटपेक्षा कमी किरणोत्सारी, त्यामुळे इथे नवं काही पडलंच तर ते उठून दिसायला मदत होईल.

या स्फटिकालाही न दिसणारं एक द्रव्य आहे, स्ट्रॉन्शियम-९०. ते वागतं कॅल्शियमसारखं, म्हणून दुधात येतं आणि हाडांत जाऊन बसतं. ते गॅमा किरण सोडतच नाही. त्याला रासायनिक प्रक्रियेने वेगळं करावं लागतं, मग त्याचे बीटा कण मोजायचे. हे काम किचकट आणि खर्चाचं. २०१५मध्ये इवाकीच्या 'ताराचिने'ने त्यासाठीही प्रयोगशाळा उघडली.