बैरूतचा मुलगा, बास्केटबॉलचा गुरू

ज्याच्या घरावर आघात झाला, त्याने मनात राग किती दिवस ठेवावा? वर्गात मुलांशी बोलताना हा प्रश्न आला, की आम्ही त्यांना स्टीव्ह कर यांची गोष्ट सांगतो.

कर अमेरिकन असले तरी त्यांचा जन्म १९६५ साली बैरूतमध्ये झाला. त्यांचे आजी-आजोबा आर्मेनियन निर्वासितांच्या मदतीसाठी त्या भागात गेले आणि तिथेच शिक्षक म्हणून राहिले. वडील माल्कम कर हे अरब राजकारणाचे गाढे अभ्यासक. १९८२ साली ते बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. लेबनॉनमध्ये यादवी युद्ध सुरू होते. १८ जानेवारी १९८४ रोजी कार्यालयाबाहेरच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

अठरा वर्षांचा स्टीव्ह तेव्हा अ‍ॅरिझोना विद्यापीठात पहिल्या वर्षाला होता. बातमी अपरात्री फोनवर कळली. दोनच दिवसांनी तो मैदानात उतरला आणि त्याने १२ गुण मिळवले. पुढे १९८८ मध्ये एका सामन्याआधी विरोधी संघाच्या काही पाठीराख्यांनी वडिलांच्या हत्येवरून त्याला डिवचले. त्याचे डोळे भरून आले. पण तो कोणाशी भांडला नाही. पहिल्या अर्धात त्याने तीन गुणांचे सहा फेक केले आणि सहाही बास्केटमध्ये गेले.

व्यावसायिक खेळाडूंच्या निवडीत त्याचा क्रमांक होता पन्नासावा. ना विशेष उंची, ना वेग; होता तो फक्त सराव. तीन गुणांच्या फेकीत कारकिर्दीची ४५.४ टक्के अचूकता हा एनबीएचा विक्रम ठरला. १९९७ च्या अंतिम मालिकेत मायकेल जॉर्डनने दिलेल्या पासवर शेवटच्या क्षणी विजयी फेक त्यानेच केली. खेळाडू म्हणून त्याच्या नावावर पाच विजेतेपदे आहेत.

२०१४ साली कर गोल्डन स्टेट वॉरियर्सचे प्रशिक्षक झाले. आधीच्या मोसमात हा संघ एकमेकांना पास देण्यात सर्वांत मागे होता. करांनी सामन्याला तीनशे पासचे लक्ष्य ठेवले. चेंडू सर्वांच्या हातून फिरू लागला आणि पहिल्याच वर्षी संघ विजेता ठरला. पुढे २०१७, २०१८ आणि २०२२ मध्येही तो जिंकला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेने सुवर्णपदक मिळवले.

आम्हाला मात्र त्यांची आठवण वेगळ्याच कारणाने राहते. २०१७ साली सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेशबंदी झाली, तेव्हा कर उघडपणे विरोधात बोलले. ज्याचे वडील दहशतीचे बळी ठरले, तोच माणूस सांगत होता, की काहींच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना दोषी धरू नका.

वडिलांनी ज्या लोकांवर आयुष्यभर प्रेम केले, त्यांचा मुलाने द्वेष केला नाही. आई-बापांनो, आपल्या मुलांना हा खेळाडू जरूर सांगा. पदकांची यादी ती विसरतील, पण हे विसरणार नाहीत.