टायरगाडीला जुना एक्सल घेताय? आधी पारखा

पैठण-गंगापूर भागात गळीत हंगाम तोंडावर आला की टायरगाडी बांधायची घाई होते. मग शहरातल्या भंगारात जाऊन वजनावर एक्सल उचलला जातो. फसगत होते ती इथंच.

जीपचा मागचा एक्सल स्वस्तात मिळतो. पण त्याच्या मधल्या डब्यातले दातेही चाकांबरोबर फिरतात. ते जादा ओढणं बैलांच्या खांद्यावर येतं. ट्रकचा पुढचा एक्सल मजबूत खरा, मात्र त्याची चाकं वळती असतात. नीट जाम केली नाहीत तर गाडी लटपटते. त्यापेक्षा जुन्या ट्रॉलीचा सरळ एक्सल बरा.

पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी बघा. बेअरिंगची जागा साफ करून डिझेल लावा, थोड्या वेळाने कोरडी पुसा आणि खडू फासा. तेलाची बारीक रेघ उमटली तर तडा आहे. दुसरं, चाकं चढवून दोन रिमांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. चाकं अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. तरी तोच फरक आला तर एक्सल वाकलेला आहे. तो टायर एका कडेनं खातो. तिसरं, बेअरिंग निळसर पडलं असेल तर ते तापलेलं आहे. त्या मापाचं नवं मिळतं का, तेही विचारा.

तडा वेल्डिंगनं भरून घेऊ नका. भरल्या गाडीखाली तो वेल्डिंगच्या कडेलाच तुटतो. उतारावर चाक निखळलं तर बैल आणि गाडीवान दोघंही सापडतात. चार पैसे वाचतील, पण बैलजोडी कशी परत येणार?